दार उघडणारी व्यक्ती

जे मोजता येतं तेवढंच खरं, बाकी सगळा वारा, या तत्त्वावर माझी आयुष्यभर अढळ श्रद्धा आहे. ही श्रद्धा मला नेमणूकपत्रासोबत मिळाली. त्याच पत्रात दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की उमेदवाराने वाराच मोजायचा आहे.

गोष्ट २००२ सालच्या हिवाळ्यातली. पुण्याच्या एका संशोधन संस्थेने शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतली साठ घरं निवडली होती. चुली-शेगड्यांच्या घरात कार्बन मोनॉक्साइड किती साठतो आणि बायकापोरांच्या अंगात किती उतरतो, हा अभ्यासाचा विषय. या वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही. तो आहे की नाही हे फक्त मीटरला कळतं, आणि मीटर सांभाळायला मी. माझ्याकडे एक एम-एटी मोपेड, रेक्झिनच्या पिशवीत सहा मीटर, पोत्याच्या वजनाचा एक लॅपटॉप आणि चौदा पानांचा फॉर्म होता. मीटरला मुळात भोंगा होता. गॅस वाढला की तो बोंबलायचा. पण बोंबललं की घरच्यांचं वागणं बदलतं आणि अभ्यास बिघडतो, म्हणून पुण्यातच सगळ्यांचे भोंगे काढून ठेवले होते.

शिरूरची घरं दिवाळीच्या आसपास उरकली. मग भीमा ओलांडून दौंडात आलो आणि वरवंडला खोली घेतली. राहू गावाच्या बाजूला तेव्हा गुऱ्हाळं पेटलेली. सकाळी त्या रस्त्याने जाताना उकळत्या रसाचा वास कपड्यांत बसायचा आणि दुपारपर्यंत मुंग्या माझ्याशी ओळख काढायच्या.

घर क्रमांक सतरा राहूच्या अलीकडे, एका वस्तीवर होतं. धनगरांचं घर. पूर्वी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जाणारी माणसं, आता कांदा आणि ऊस. घरच्या कर्त्या रतनबाई, साठीच्या, बांधा काटक, बोलणं त्याहून काटक. त्यांचा मुलगा दत्ता पाटसच्या कारखान्यात फिटर. सून सुषमा. आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली लेक ज्ञानेश्वरी, तिची आठ दिवसांची मुलगी कुशीत.

पहिल्या दिवशी ओसरीवर बसून मी फॉर्म भरला. घरात माणसं किती, असं विचारलं.

"सहा," रतनबाई म्हणाल्या.

मी मोजली. बाळ धरून पाच भरली. म्हाताऱ्या माणसांच्या उत्तरांची खातरजमा करावी, असं आम्हाला प्रशिक्षणाच्या शिबिरात शिकवलं होतं. मी सहावर काट मारून पाच लिहिलं आणि शेजारी सही केली. विडी-सिगारेट ओढणारे किती?

"हाय की येक."

तो दत्ता असणार, असं धरून मी एक लिहिलं. संध्याकाळी दत्ता आल्यावर श्वास तपासायची नळी त्याच्यापुढे धरली. गावोगावचे पुरुष ती नळी पाहिली की शेताकडे सुटायचे. त्यांना वाटायचं, दारू पकडायला पोलिसांनी माणूस पाठवलाय. दत्ताने मात्र नळीत निमूट फुंकलं. आकडा आला तीन. विडी ओढणाऱ्याचा पंधराच्या खाली येत नाही. मी त्याला विचारलं, विडी सोडली का? तो म्हणाला, धरलीच नव्हती कधी. ही विसंगती मी पेन्सिलने समासात लिहून ठेवली.

बाळंतिणीची खोली घराच्या कडेला होती, नंतर बांधलेली. पत्र्याचं दार बाहेर उघडणारं. एकच खिडकी, तिच्यात पोतं कोंबलेलं. आढ्याजवळची फट चिंध्यांनी बुजवलेली, कारण बाळंतिणीला वारं लागू द्यायचं नाही. दुपारी बाराला वस्तीवरची सुईण मुक्ताबाई येऊन लेकराला आणि आईला न्हाऊ घालायच्या. मग चुलीतले लालभडक इंगळ शेगडीत भरायचे, वर ओवा आणि वावडिंग टाकायचं आणि शेगडी बाजेखाली सारायची. शेक घेत मायलेकी झोपी जायच्या. मुक्ताबाई गेल्या की रतनबाई दार लोटायच्या. ते वाऱ्याने वाजू नये म्हणून बाहेरून त्याला जुन्या जात्याची तळी टेकवायच्या आणि सुनेला घेऊन कांद्याच्या रानात जायच्या. चारला परत यायच्या. खोलीतून बाहेर ओव्याचा वास यायचा. लहानपणी आजारी पडल्यावर आईने केलेली धुरी आठवावी, असा वास.

मी बाजेच्या उशागती खुंटीला मीटर अडकवून आलो.

तीन दिवसांनी मीटर काढून आणला आणि वरवंडच्या खोलीवर लॅपटॉपला जोडला, तेव्हा माझा चहा निवला. दुपारी दीडपर्यंत आकडे दोन-तीनच्या घरात. मग रेघ चढायला लागली ती चढतच गेली. साठ, एकशेवीस, दोनशे. पाच-दहा हे स्वयंपाकघरात रोजचं. दोनशेला डोकं दुखतं. चारशेच्या पुढे माणूस झोपेतून उठेल याची खात्री नाही, आणि आठ दिवसांच्या जिवाला चारशेचीही गरज नाही. तीनशेदहाला ती रेघ कड्यावरून ढकलल्यासारखी कोसळली. दहा मिनिटांत वीसवर. खोलीचं दार उघडल्याशिवाय असं होत नाही.

वेळ दोन वाजून चाळीस मिनिटं. तिन्ही दिवस. मिनिटाचा फरक नाही.

एसटीडी बूथवरून पुण्याला, अभ्यासाच्या प्रमुख मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, शेगडी आजच्या आज काढायला सांगा. मग म्हणाल्या, आणि रकाना नऊ भरा. रकाना नऊ म्हणजे 'दार/खिडकी उघडणारी व्यक्ती (सदस्य क्रमांक)'. हा रकाना रिकामा ठेवला तर संगणक पुढचं पान उघडत नसे.

दुसऱ्या दिवशी मी मीटर पुन्हा खुंटीला अडकवला आणि रतनबाईंना आलेख दाखवला. त्यांनी तो नीट पाहिला आणि हा डोंगर कुठला, असं विचारलं. मी सांगितलं, तुमच्या खोलीतला. शेगडीतून जो वायू निघतो तो विषारी आहे, लेकीला आणि नातीला त्याने धोका आहे.

"मास्तर, माझी पाच बाळंतपणं ह्याच शेगडीवर झाली," त्या म्हणाल्या. "पाचातलं येक तरी काळं पडलं का? ह्यो दत्ता बगा, रेड्यावानी हाय."

दत्ताने मान खाली घातली. मी विचारलं, मग निदान दुपारी पावणेतीनला दार कोण उघडतं ते सांगा. इथे घरात थोडी बोलाचाली झाली. रतनबाई रोज चारला यायच्या तेव्हा दार हातभर उघडं आणि तळी सरकलेली असायची. त्यांचा संशय सुनेवर होता. ती पाणी प्यायच्या निमित्ताने घरी येते आणि दार तसंच टाकते. सुषमा म्हणाली, आत्याबाई, मी दिवसभर तुमच्याच वाफ्यात असते की. मग अंगणातल्या शेळीच्या करडांवर आळ आला. मी ती तळी एका हाताने हलवून पाहिली. हलली नाही. करडू निर्दोष सुटलं.

ज्ञानेश्वरी खोलीच्या उंबऱ्याआत बसून हे सगळं ऐकत होती. घरचे पांगले तसं तिने मला हळूच हाक मारली.

"आबा येत्यात," ती म्हणाली. "दार उघडून जात्यात. आत येत न्हाईत, बाळंतिणीच्या खोलीत बापय मानूस कसा यील? भाईर उभं राहून खोकत्यात. पोर कसं हाय, म्हनत्यात."

आबा म्हणजे तिचे वडील, गेणबा. तीन वर्षांपूर्वी गेले. ती तेव्हा सासरी, शिरूरच्या अंगाला होती. भीमेला पूर आलेला, पुलावरून पाणी. ती पोचली तेव्हा राख सावडून झाली होती.

हायसं वाटणं हा शब्द मी जपून वापरतो, पण मला हायसं वाटलं. कारण हे शास्त्रात बसत होतं. बंद घरात हा वायू साठला की माणसांना पावलं ऐकू येतात, कोणी उशाशी बसलेलं दिसतं, मेलेली माणसं बोलतात. घरातली बिघडलेली भट्टी दुरुस्त केली की भुतं जातात, अशा नोंदी आहेत. मी तिला हे सगळं, माझ्या मते फार हळुवारपणे, समजावून सांगितलं. शेगडी काढा, म्हणालो, दुसऱ्या दिवसापासून कोणी दिसणार नाही.

तिने बाळाच्या कानावरचं टोपडं सारखं केलं.

"म्हंजी मग आबा येनार न्हाईत?"

एम-एटी वरवंडकडे वळवताना मला कळलं की डोकं दुखत असूनही ही पोर आईला काही सांगत का नव्हती. आणि फाट्यापाशी आल्यावर दुसरी गोष्ट कळली. आबा का दिसतात, हे वायूमुळे समजत होतं. पण वायू दोन-चाळीसला का जातो, ते आबांशिवाय समजत नव्हतं.

मी ठरवलं की आपण स्वतः जाऊन बसायचं. रतनबाई ऐकेपर्यंत रोज जायचं आणि दार आपणच उघडायचं. इथवर ठीक होतं. सव्वादोनला उठून दार उघडलं असतं, तर सांगण्यासारखं काही उरलं नसतं. पण रकाना नऊ रिकामा होता. कोण येतं ते पाहायचं, म्हणून मी दोन-चाळीसपर्यंत थांबायचं ठरवलं. हा निर्णय माझा एकट्याचा. मॅडमना मी तो कधी सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी गेलो तर रतनबाईंनी आधी जेवायला बसवलं. बाजरीची भाकरी, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, ठेचा आणि दोन तांबे ताक. मी नको म्हणत असताना त्या वाढत होत्या. वायूवरून झालेल्या वादाची ही भरपाई असावी. मुक्ताबाई गेल्या. शेगडी आत गेली. तळी दाराला टेकली. सासू-सुना डोईवर रोपांच्या पाट्या घेऊन रानात गेल्या.

मी समोरच्या ओसरीवर खांबाला टेकून बसलो. हातातलं घड्याळ काढून गुडघ्यावर ठेवलं. ऊन मऊ होतं. लांब गुऱ्हाळाचं इंजिन एका लयीत ठोके देत होतं. करडं उन्हात पाय दुमडून बसली होती.

दोन वाजले.

दोन-दहा. पत्र्यावर कावळा बसला आणि उडाला.

दोन-अठरा.

मग मला झोप लागली.

बरगडीत काहीतरी टोचलं. बोथट. एकदा, आणि मग पुन्हा. बसलेलं मेंढरू उठवताना काठीने टोचतात तसं. लागत नाही, पण बसून राहायची सोय उरत नाही.

कोणीतरी खोकलं. अगदी जवळ. पावसात भिजलेल्या घोंगडीचा वास आला.

मी डोळे उघडले. ओसरीवर कोणी नव्हतं. अंगणात कोणी नव्हतं. करडं उठून उभी होती आणि सगळी माझ्या डाव्या खांद्याच्या जरा वर बघत होती.

घड्याळ खाली पडलं होतं. दोन-एकावन्न.

दार बंद होतं. तळी जागच्या जागी.

मी पळालो. तळी एका हाताने हलली नाही, दोन्ही हातांनीही नाही. मग खाली बसून पायांनी लोटली. दार ओढलं. आतली गरम हवा अंगावर आली. मीटरवर चारशेसाठ.

बाळ उचललं. ते उठलं नाही.

उन्हात आणून त्याला मांडीवर घेतलं, पाठ चोळली. पहिलं रडणं यायला किती वेळ लागला, ते मी मोजलं नाही. आयुष्यात मोजायलाच हवी होती अशी ती एकच गोष्ट.

मग त्याच्या आईला काखांत हात घालून बाहेर आणलं. ती भिंतीला टेकली, ओकली आणि बराच वेळ डोळे मिटून राहिली. लेक रडतेय हे कळल्यावर तिने हात पुढे केले. मला पाहून तिला नवल वाटलं नाही.

"आबा म्हनलं, आज मास्तर हाईत," ती म्हणाली. "आज म्या दार उघडत न्हाई, म्हनलं. त्येंलाच उठवतो."

मी ओसरीवर आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी आलो तेव्हा ती न्हाणीत होती.

कारखान्यातून निरोपावर आलेल्या दत्ताने कोणाची तरी जीप आणली. दौंडला नेलं, ऑक्सिजन दिला, रात्रभर ठेवून घेतलं आणि सकाळी दोघी सुखरूप परत आल्या. जीप निघाली तेव्हा मी ओसरीवर बसून श्वासाच्या नळीत स्वतःच फुंकलं. मला वायू लागला असेल, तर निदान खोकल्याचा आणि टोचण्याचा निकाल लागेल असं वाटलं. मी पुन्हा फुंकलं. दोन्ही वेळा आकडा दोन. माझ्या डोक्यात ताकाशिवाय काही चढलेलं नव्हतं.

त्या परतल्यावर मी रतनबाईंना सगळं सांगितलं. चारशेसाठ सांगितलं, त्या नुसत्या ऐकत होत्या. मी झोपलो हेही सांगितलं. मग कोणीतरी टोचून उठवलं म्हणालो, तेव्हा त्यांनी माझा सदरा बरगडीपाशी धरला आणि उजेडाकडे केला. कालचाच सदरा होता. त्यावर मातीचे दोन गोल ठिपके होते, रुपयाएवढे, शेजारी शेजारी. लाल माती. त्यांच्या रानात, राहूपर्यंतच्या सगळ्या रानात, माती काळी आहे.

"कोकनातली हाय," त्या म्हणाल्या. मग पदराने डोळे टिपून, नवऱ्याशी बोलावं तशा आढ्याकडे बघून म्हणाल्या, "सरळ मला सांगायचं व्हतं. परक्या मानसाला कशापायी तरास?"

आढ्याला घोंगडीत गुंडाळलेली एक काठी टांगलेली होती. काढून बघू का, असं मी म्हणालो नाही. त्याही म्हणाल्या नाहीत. त्यांनी शेगडी उचलली, इंगळ उकिरड्यावर ओतले आणि ती गोठ्यात उपडी घातली. खिडकीतलं पोतं सुषमाने ओढून काढलं. पाच बाळंतपणांचा अनुभव असा अर्ध्या मिनिटात निकालात निघाला. माझ्या आलेखाचं त्यात काही योगदान नाही.

नियमाप्रमाणे मीटर आणखी आठ दिवस त्या खोलीत होता. आकडे काढले तेव्हा रेघ ताटलीसारखी सपाट होती. एक, दोन, एक. दुपारीही एक, दोन, एक. फक्त रोज दोन-चाळीसला ती पाचवर जायची, चार मिनिटं तिथे थांबायची आणि परत खाली यायची.

मॅडमनी आलेख पाहिला आणि म्हणाल्या, दाराबाहेर उभं राहून कोणीतरी विडी ओढतंय. त्याला म्हणावं, लहान बाळ आहे, लांब जाऊन ओढ.

मी हा निरोप पोचवला नाही. पण शेवटचा भेटायला गेलो, तेव्हा ज्ञानेश्वरी दारात उन्हाला बसली होती. तिचा रंग सुधारला होता, डोकं दुखत नव्हतं, दुपारची झोप गाढ लागत होती. आता काही दिसत नाही आन् ऐकू येत नाही, म्हणाली. बरं झाल्याचं सांगताना माणसाचा आवाज इतका पडलेला मी दुसरीकडे ऐकलेला नाही.

अभ्यासातल्या कुटुंबाला आकडे दाखवू नयेत असा नियम होता. तो मी आधीच मोडला होता. मी उंबऱ्याबाहेर लॅपटॉप उघडला आणि ते आठ छोटे उंचवटे तिला एकेक करून बोटाने दाखवले. रोजचा एक. वेळ तीच.

 मग तिने बाळाचं तोंड पडद्याकडे केलं.

"बग, आबा," तिला म्हणाली.

रतनबाईंनी निघताना पिशवीत भुईमुगाच्या शेंगा भरल्या, त्या मीटरच्या वायरींत जाऊन बसल्या आणि पुढची तीन घरं मी शेंगांच्या टरफलांसह मोजली.

संध्याकाळी वरवंडच्या खोलीवर फॉर्म पुरा केला. माणसांच्या रकान्यातल्या पाचवर काट मारली, सहा लिहिलं, शेजारी सही केली. रकाना नऊमध्ये, एक दिवस सोडून बाकी सगळ्या दिवसांना, सदस्य क्रमांक सहा घातला. संगणकाने तक्रार न करता पुढचं पान उघडलं.

अहवाल २००५ साली छापून आला. चांगला जाड आहे. निष्कर्षांत घर क्रमांक सतरा कुठेही नाही. शेवटच्या परिशिष्टात, वगळलेल्या घरांच्या यादीत, त्याची एक ओळ आहे : माणसे ६, विडी ओढणारे १. नमुना वगळला. कारण : मोजणीच्या वेळी दार उघडे.